समुद्रकिनाऱ्यावरचे गुरुवार : धर्म सांगण्याचं कर्तव्य आणि १८५७ ची मुंबई

मिशनऱ्यांवर बोलायला लागलं की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. दोन, ते लोकांना बाटवायला आले होते. दोन्हींत थोडंथोडं खरं आहे. पण मुळात ते आपला धर्म दुसऱ्याला सांगायला घरदार सोडून का आले, हे फारसं कुणी विचारत नाही. आज तेवढंच बघू.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो, की सगळ्या राष्ट्रांत जा आणि त्यांना शिष्य करा. ही आज्ञा आहे, सल्ला नाही. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने श्रद्धा स्वतःपुरती ठेवणं म्हणजे भुकेल्याच्या शेजारी बसून भाकर लपवणं. आपल्याला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. आमच्या येरमाळ्यात चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या जत्रेत आराधी गाणी म्हणतात, तेही आपल्या देवीचा महिमा दुसऱ्याला सांगणंच असतं. फरक इतकाच, की आराधी ऐकणाऱ्याला त्याचा देव सोडायला सांगत नाही. मिशनरी सांगत होता. सगळा पेच इथेच आहे.

हा पेच किती टोकाला जाऊ शकतो, ते गोव्यात दिसतं. १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट पाद्री मारले गेले. त्याआधी तिथली देवळं पाडली गेली होती. नंतर पोर्तुगीजांनी बोलणी करायला म्हणून गावच्या गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट होता. त्याने १६१६ मध्ये सुमारे ११ हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं, तेही मराठीत. त्यात नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? ग्रंथ सुंदर आहे, पण हा प्रश्न वाचताना त्यामागची सत्ता विसरता येत नाही. पुराणं बंद करण्याची ताकद एकाच बाजूकडे होती.

आता मुंबईत येऊ. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी इथे उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. धर्माच्या भानगडीत व्यापार बिघडेल ही भीती. त्याच वर्षी सनदी कायदा बदलला आणि मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. पुढे त्यांनी छापखाना घातला, मराठी पुस्तकं काढली, १८४२ पासून 'ज्ञानोदय' सुरू झाला. गंमत म्हणजे याच अमेरिकन मिशनचा छापखाना बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. मी मूळची विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यंत्र कुणी कशासाठी आणलं यावर त्यातून पुढे काय छापलं जाईल, हे ठरत नाही.

आणि मग ते गुरुवार. १५ जानेवारी ते २८ मे १८५७ या काळात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जाहीर वाद झाले. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णु भिकाजी गोखले, सायर खात्यातली नोकरी सोडून संन्यस्त झालेला तिशीतला माणूस. दुसऱ्या बाजूला मिशनरी, त्यांत जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन १८४८ मध्ये मुंबईत आला, मिशनचा पगार सोडून गरिबीत राहिला आणि १८८८ मध्ये इथेच वारला. मधल्या ४० वर्षांत मायदेशी गेला नाही. कर्तव्य म्हणजे काय, ते या माणसाकडे बघून कळतं.

बुवांची भूमिका उघड होती. तुम्हाला तुमचा धर्म सांगायचाय ना, सांगा. पण मग आमचे प्रश्नही ऐका आणि आमचा वेदोक्त धर्मही ऐका. दोन्ही बाजूंनी आपापला वृत्तांत छापला. बोवेनने त्याच वर्षी इंग्रजीत, तर बुवांच्या बाजूचा 'समुद्रकिनारीचा वादविवाद' त्यांच्या मृत्यूनंतर १८७२ मध्ये मराठीत आला. कोण जिंकलं? ज्याचं पुस्तक वाचाल तो.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कुंकळ्ळीत उत्तर द्यायची सोय नव्हती. किनाऱ्यावर होती. राज्य इंग्रजांचं होतं, म्हणून दोघं बरोबरीचे नव्हतेच. तरी बुवा उलट बोलू शकत होते आणि ऐकणारा घरी जाताना आपलं मत आपण ठरवू शकत होता.

त्या ठरवण्याची किंमतही असते. कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना ते आधी मान्य नव्हतं. नवराबायकोची ताटातूट झाली, सोवळंओवळं आड आलं. त्या स्वतः विचार करत करत १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. हे सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे, न वाचलं असेल तर जरूर वाचा. पुढे टिळकांनी अभंग आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगितला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरीही सोडली. परदेशी मिशनच्या छायेखाली हा धर्म इथला होणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

हा वाद संविधान सभेतही आला. डिसेंबर १९४८ मध्ये धर्माचा 'प्रचार' करण्याचा हक्क ठेवावा की नाही यावर चर्चा झाली आणि तो शब्द राहिला, आजच्या अनुच्छेद २५ मध्ये. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रचार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. अनेक ख्रिस्ती अभ्यासकांना हा अर्थ तोकडा वाटतो. सांगायची मुभा आहे पण पटवायची नाही, हे कसं, असं ते विचारतात.

प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर, असा कुठलाही प्रसंग अभ्यासताना मी आधी एकच गोष्ट बघते : ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होतं का, आणि म्हटल्यावर त्याची भाकर, जमीन, जीव शाबूत राहत होता का? मिशनरी, बुवा, आजचे प्रचारक, आजचे विरोधक, सगळ्यांना हे एकच माप लावून बघा. पुढच्या लेखात पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कीर्तनांबद्दल लिहीन.