ऑटोमेटेड ब्राउझर टेस्टिंग म्हणजे काय? टेस्ट 'पास' होऊनही बिल का चुकतं?

समजा, भोसरी एमआयडीसीतला एक लघुउद्योजक चाकणच्या वाहन कारखान्याला सुटे भाग पुरवतो. टेम्पो भरून तयार आहे, पण कारखान्याच्या सप्लायर पोर्टलवर बिलाची नोंदच होत नाही. क्रोममध्ये चालणारं 'सबमिट' बटण त्याच्या फायरफॉक्समध्ये काम करत नाही. नोंद नाही म्हणून टेम्पो गेटबाहेर उभा.

असे दोष वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी पकडणं हे सॉफ्टवेअर टेस्टरचं काम. पिंपरी-चिंचवडलगतच्या हिंजवडीत आणि तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये अनेकांची रोजीरोटी या कामावर चालते. त्यातला बराचसा भाग आता ब्राउझर चालवणारी टूल्स करतात.

हे टूल नेमकं काय करतं?

पोर्टलमध्ये छोटासा बदल केला, तरी आधी नीट चालणारं काही बिघडलं नाही ना, हे पुन्हा तपासावं लागतं. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. लॉगिन करा, बिल भरा, रक्कम पाहा, सबमिट करा. तेच ते काम माणसाने दर वेळी प्रत्येक ब्राउझरमध्ये करायचं, तर दिवस जातो.

ऑटोमेशनमध्ये टेस्टर हीच पावलं जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहून ठेवतो. टूल ब्राउझर उघडतं, ठरलेला रकाना शोधतं, त्यात मजकूर भरतं, बटण दाबतं आणि शेवटी अपेक्षित उत्तर आलं का, ते पडताळतं. उत्तर जुळलं तर 'पास', नाही तर 'फेल'. हे सगळं रात्री आपोआप चालतं आणि सकाळी अहवाल तयार असतो.

सुरुवात कुठून झाली?

या क्षेत्रातलं सर्वांत परिचित नाव म्हणजे सेलेनियम. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी ते तयार केलं. ते मोफत आणि ओपन सोर्स आहे. पुढे आलेल्या वेबड्रायव्हर या पद्धतीत प्रोग्रामच्या सूचना 'ड्रायव्हर'मार्फत ब्राउझरपर्यंत जातात. क्रोमसाठी क्रोमड्रायव्हर, फायरफॉक्ससाठी गेकोड्रायव्हर. २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबड्रायव्हरला अधिकृत वेब मानक म्हणून मान्यता दिली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेराइट हे टूल आणलं.

या कामात महाराष्ट्राचंही एक मोठं नाव आहे. वेगवेगळे ब्राउझर आणि मोबाइल प्रत्येक कंपनीने स्वतः विकत घेऊन ठेवणं परवडत नाही. ते इंटरनेटवरून वापरायला देणारी ब्राउझरस्टॅक ही कंपनी आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये मुंबईत सुरू केली.

'पास' म्हणजे बरोबर?

चाकणच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये 'गो-नो गो' गेज दिसतो. गेजची 'गो' बाजू भोकात गेली आणि 'नो गो' बाजू अडली, की पार्ट पास. पण माप किती असावं, हे गेज ठरवत नाही, ड्रॉइंग ठरवतं. ड्रॉइंग बदललं आणि गेज जुनाच राहिला, तर चुकीचा पार्टही पास होतो.

ब्राउझर टेस्टचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. समजा, पोर्टलमध्ये जुना दर राहून गेला आणि टेस्टमध्येही अपेक्षित उत्तर २८ टक्क्यांचंच आहे. एक लाखाच्या मालावर पोर्टल १८,००० ऐवजी २८,००० रुपये कर दाखवेल, तरी टेस्ट 'पास' होईल. दोन्हीकडे एकच चूक असल्याने टूलला काही खटकणार नाही.

उलटही घडतं. पान उघडायला दोन सेकंद उशीर झाला किंवा डेव्हलपरने बटणाचा आयडी बदलला, तर पोर्टल ठीक असूनही टेस्ट 'फेल' होते. कधी पास, कधी फेल होणाऱ्या अशा टेस्टना 'फ्लेकी' म्हणतात. त्या वाढल्या की टीम लाल निशाणाकडे दुर्लक्ष करू लागते, आणि एखादा खरा दोष त्यातच निसटतो.

मग टेस्टरचं काम संपलं का?

तीच तीच क्लिक करण्याचं काम कमी झालं आहे, हे खरं. म्हणून मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्यांना आता प्रोग्रामिंगही शिकावं लागतं. पण अपेक्षित उत्तर कोणतं, ते कुठून आलं आणि नियम बदलल्यावर कोणत्या टेस्ट बदलायच्या, हे माणसालाच ठरवावं लागतं. त्यासाठी टूलइतकाच पोर्टलमागचा व्यवहारही कळावा लागतो. जीएसटीचा दर बदलल्याची बातमी वाचून त्याच दिवशी टेस्टमधला जुना आकडा शोधणारा टेस्टर भोसरीच्या त्या उद्योजकाचे दहा हजार रुपये वाचवतो.