तहान, माठ आणि सांक नदी

माणसाने दिवसाकाठी किती पाणी प्यावे, याचा ठोक आकडा जुन्या वैद्यकाने दिलेला नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू वगळता निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावे असे सांगितले, आणि प्रमाण ऋतूवर व प्रकृतीवर सोडले. आज सर्वतोमुखी असलेल्या आठ पेल्यांच्या नियमाचा माग बहुधा १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने केलेल्या सुमारे अडीच लिटरच्या शिफारशीपर्यंत नेला जातो. त्यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, हे त्याच शिफारशीतले वाक्य मात्र लोक सोयीस्करपणे विसरले.

मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या ग्वाल्हेरात वाग्भटाचा हा अपवादच नियम ठरतो. तेथे उन्हाळ्यात ‘लू’ म्हणजे कोरडा, भाजणारा वारा वाहतो, आणि गंमत अशी की तोच माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी झपाट्याने सुकवून आतले पाणी कोकणातल्या दमट हवेपेक्षा कितीतरी अधिक गार करतो. माठ भरायचा कशातून, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. वालुकाश्माच्या उंच टेकडीवरचा किल्ला वेढ्यात टिकायचा तो कुंडांच्या आणि बावड्यांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या, जोरावर; ग्वालिपा ऋषींनी दिलेल्या सूरजकुंडाच्या पाण्याने सूरजसेनाचे कुष्ठ गेले, ही दंतकथा शहराच्या नावाशीच जोडलेली आहे. मानसिंह तोमराच्या (१४८६–१५१६) गुजरी राणीने लग्नासाठी आपल्या राई गावच्या सांक नदीचे पाणी महालापर्यंत आणण्याची अट घातली, असेही लोक सांगतात.

१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचे ‘लष्कर’ हे शहर झाले, तेव्हा लोकसंख्येबरोबर पाण्याची गरजही वाढत गेली. अखेर माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत त्याच सांक नदीवर तिघऱ्याला सुमारे २४ मीटर उंचीचे दगडी धरण उभे राहिले. ऑगस्ट १९१७ मध्ये पुराचे पाणी माथ्यावरून जवळजवळ पाऊण-एक मीटर उंचीने, सुमारे चारशे मीटर लांबीत वाहू लागले, बांधाचे दोन मोठे भाग पायावरून अखंड सरकले आणि धरण गेले. अशा बांधाची सारी भिस्त त्याच्या वजनावर असते. पाया घसरला की वजन कामाचे राहत नाही. राणीची अट दंतकथेत सहज पुरी झाली, संस्थानाला मात्र त्याच नदीसाठी दोनदा बांधकाम करावे लागले. फेरबांधणी १९२९ मध्ये झाली.

आजही ग्वाल्हेरचे पाणी मुख्यतः तिघऱ्यातूनच मोतीझील येथील शुद्धीकरण केंद्रात येते. शहरी पुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा असला, तरी पिण्यात त्यातले दोन-तीन लिटरच जातात; पाऊस ओढ देतो त्या वर्षी नळ एक दिवसाआड येतो, आणि लष्करातल्या घरांत माठाशेजारी पिंपेही भरून ठेवली जातात.