काळ्या रेषा आणि आपले रंग



गेल्या उपवासकाळात आम्ही इंदूरच्या आमच्या धर्मग्रामात एक छोटा उपक्रम केला. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती झाली की मोठ्या माणसांनी अर्धा तास चित्रे रंगवायची. बारीक वेलबुट्टीची, मोठ्यांसाठीच छापलेली पुस्तके, रंगीत पेन्सिली आणि शांतता, एवढेच साहित्य. पहिल्याच शुक्रवारी दोन प्रश्न आले. एका काकांनी विचारले, "हा पोरखेळ देवळात कशाला?" एका बाईंनी पानावरची गोल नक्षी दाखवून हळूच विचारले, "हे मंडल आपण रंगवलेले चालते का?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते. उत्तरासाठी आम्ही इतिहासाची पाने चाळली.

जर्मनीतील माइन्त्स शहरात १४५५ च्या सुमारास योहान गुटेनबर्गने बायबल छापले. मजकूर काळ्या शाईत होता, पण मोठ्या आद्याक्षरांसाठी जागा कोरी सोडलेली होती. प्रत घेणाऱ्याने ती चित्रकाराकडे नेऊन अक्षरे आणि समास रंगवून घ्यायचे. म्हणून आज उरलेल्या प्रतींत मजकूर तोच असला, तरी एक प्रत दुसरीसारखी दिसत नाही. मुलांसाठी रंगवायची पुस्तके फार नंतर, एकोणिसाव्या शतकात रुळली. छापील पानात रंग भरणे हे आधी मोठ्यांचेच काम होते, आणि तेही पवित्र शास्त्राच्या पानावर!

आता आपल्या देशाकडे येऊ. बादशहा अकबराच्या निमंत्रणावरून फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे सोबती गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतील बायबल भेट दिले. बादशहाने ते आदराने मस्तकी लावले, असे येशूसंघीयांनी लिहून ठेवले आहे. याच काळात युरोपातील कोरीव छापचित्रे अकबराच्या चित्रशाळेत येऊ लागली. ती काळ्या रेषांची, बिनरंगी होती. नेदरलँड्समधील फिलिप गॅले याने छापलेले संत मत्तय आणि देवदूताचे असेच एक चित्र केसू दास या चित्रकाराच्या हाती आले. त्याने १५८८ च्या सुमारास ते पुन्हा रेखाटले आणि आपल्या रंगांनी भरले. आज ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

केसू दास हिंदू होता. शुभवर्तमानकार मत्तयाला हिंदुस्थानी रंग देताना त्याचा हात थांबला नाही. मग गोल नक्षीपुढे आपण का थांबावे? फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलला तेराव्या शतकातील गोल खिडक्या आहेत. मधल्या बिंदूभोवती रंगीत काचांची वर्तुळे आहेत. आपल्या मराठी अंगणात ठिपक्यांची रांगोळी आहे, माळव्याच्या ओसरीवर गेरू आणि खडूचे मांडणे आहे. वर्तुळ कोणा एकाचे नाही. तरीही एखाद्या पानाने मन खात असेल, तर ते पान उलटून दुसरे घ्यावे. संत पौलानेही विवेकाला, आणि दुर्बळ भावाच्या विवेकालाही, मान द्यायला शिकवले आहे.

आजची लाट अलीकडची आहे. स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड यांचे हाताने रेखाटलेल्या बागेचे पुस्तक २०१३ मध्ये आले आणि जगभर लाखोंनी खपले. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, कोऱ्या कागदावर मनाला येईल तसे रंगवण्यापेक्षा आखलेली नक्षी रंगवल्याने अस्वस्थता अधिक उतरल्याचे दिसले. रेषा आखलेली असली की मनाला धरायला काठ मिळतो.

पुस्तक घेताना आम्ही काही गोष्टी शिकलो. दुकानात चष्मा लावून पान पाहावे. सर्वात लहान पाकळी स्पष्ट दिसत नसेल, तर ते पुस्तक आपले नाही. कागद जाड आणि एकाच बाजूला छापलेला असावा, कारण स्केचपेनची शाई मागे उतरते. बारीक कामाला टोकदार रंगीत पेन्सिलच बरी. आधी फिका थर द्यावा, मग गडद. पान एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. शेजारणीच्या पानाशी तुलना तर नकोच.

आमच्यात एक ताई येत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून त्या मिस्साला येत, पण जपमाळ हाती धरवत नसे. दर शुक्रवारी त्या एकच पान रंगवत, पुस्तकाचे नव्हे, झाडाचे. शेवटच्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "प्रार्थना अजून येत नाही. पण आता देवासमोर बसवतं." आम्ही काही बोललो नाही. रंग म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे आणि आपण सोबत जायला हवे. पण देवासमोर नुसते बसणे हीदेखील प्रार्थनाच आहे.

निर्गमच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेलला आपल्या आत्म्याने भरतो, ते कारागिरीसाठी. निवासमंडपाचा नमुना देवाचा होता, हात बसालेलचे होते. आपला विश्वासही कधी परका ठरवला जातो. इंदुरात मराठीतून प्रार्थना करणाऱ्या आपल्या थोड्याशा कुटुंबांना हे शब्द ऐकावे लागतात. अशा वेळी केसू दासाचे चित्र आठवावे. रेषा दुरून आल्या, पण रंग इथल्या मातीचे होते, आणि त्याने मत्तय उणा झाला नाही.

या आठवड्यात प्रत्येकाने एक पान घ्यावे, एक नाव मनात धरावे आणि त्या माणसासाठी रंगवावे. रेषेबाहेर रंग गेला तरी चालेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.