भरल्या पोटाची भीती

शस्त्रक्रियेआधी 'रात्री बारानंतर पाणीसुद्धा घ्यायचे नाही' ही ताकीद आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या ओळखीची असते. पण अपघातातला माणूस उपाशीपोटी येत नाही आणि कळाही जेवणाची वेळ पाहून सुरू होत नाहीत. अशा रुग्णाला भूल दिली की खोकला आणि ठसक्याची राखण सुटते. मग पोटातले वर येऊन थेट फुफ्फुसात उतरू शकते. तातडीच्या विभागात झटपट भूल देऊन, स्नायू सैल करून मिनिटभरात श्वासनलिकेत नळी बसवण्याची जी 'रॅपिड सिक्वेन्स इंट्युबेशन' पद्धत आज शिकवली जाते, ती या भीतीतून घडली. ती कोणा एकाची कल्पना नव्हती. तिचे तुकडे वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कारणांनी तयार झाले.

नळी सर्वांत आधी आली. 1878 साली ग्लासगोत विल्यम मॅकएवेन यांनी जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत तोंडावाटे धातूची नळी घातली. रुग्ण जागा होता, नळी बोटांनी चाचपत बसवली आणि क्लोरोफॉर्म त्यानंतर दिला. रक्त श्वासनलिकेत जाऊ नये, एवढाच तेव्हा हेतू होता. 1895 मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइन यांनी स्वरयंत्र थेट डोळ्यांनी पाहण्याचे साधन बनवले. 1943 मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी अशा साधनासाठी वाकडे पाते आणले. ते आजही भूलतज्ज्ञांच्या हातात असते.

भरल्या पोटाचा धोका आकड्यांत मांडला तो न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञाने. 1932 ते 1945 या काळातल्या 44,016 गरोदरपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांत पोटातले फुफ्फुसात गेल्याच्या 66 घटना सापडल्या. दोन स्त्रिया घन अन्नाने गुदमरून दगावल्या. पण त्यांची नजर दुसऱ्याच गोष्टीवर खिळली. फक्त द्रव आत गेलेल्या बायकांना दम्यासारखी घरघर लागत होती, अंग निळे पडत होते. मग त्यांनी सशांच्या फुफ्फुसांत आम्ल घालून पाहिले, तर तोच आजार झाला. आम्ल उदासीन केलेला जठररस घातला, तेव्हा झाला नाही. 1946 चा हा शोधनिबंध आजही वाचावा असा आहे. बाळंतिणींच्या खोलीत नशीब म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्यांनी कारणासकट पकडली.

आता हवा होता वेग. शिरेतून देण्याचे भुलीचे औषध थायोपेंटल 1934 मध्ये अमेरिकेत वापरात आले. मॉन्ट्रियलमध्ये 23 जानेवारी 1942 रोजी हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत क्युरारे वापरून स्नायू सैल केले. पण क्युरारे धिम्या गतीचे. खरी गती दिली सक्सिनिलकोलीनने, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या तोंडी असलेल्या 'स्कोलिन'ने. साधारण मिनिटभरात जबडा सैल होतो आणि काही मिनिटांत परिणाम ओसरतो. या रसायनाचा अभ्यास रीड हंट आणि तावो यांनी 1906 सालीच केला होता. मात्र प्रयोगातल्या प्राण्यांना आधीच क्युरारे दिलेले होते. स्नायू अगोदरच लुळे असल्याने औषधाचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही दिसला नाही. तो वैद्यकाच्या हाती लागायला 1949 साल उजाडले.

1961 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले ब्रायन सेलिक यांनी आणखी एक तुकडा जोडला. कंठमण्याच्या खाली अंगठीसारखी एक पूर्ण गोल कूर्चा असते. ती पाठीमागे दाबली की मागची अन्ननलिका मणक्यावर चेपून बंद होते. सेलिक यांनी आधी मृतदेहाच्या पोटात पाणी भरून हे पडताळले, मग धोक्याच्या 26 रुग्णांवर वापरले. तिघांच्या बाबतीत नळी बसल्यावर बोटे काढताच पोटातले घशात आले. यापेक्षा बोलका पुरावा कोणाला हवा होता? जगभर ती बोटे गळ्यावर टेकली.

1970 मध्ये विल्यम स्टेप्ट आणि पीटर साफर यांनी हे सारे 15 पायऱ्यांत गुंफले. हे तेच साफर, ज्यांनी तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धत रुजवली. आधी ऑक्सिजनने फुफ्फुसे भरून घ्यायची, भूल आणि स्कोलिन पाठोपाठ द्यायचे, मध्ये फुगा दाबून हवा भरायची नाही, कारण ती हवा पोटातही जाते. सुरुवातीचा ऑक्सिजन हीच रुग्णाची त्या मिनिटाची शिदोरी. पुढे हा क्रम शस्त्रक्रियागृहातून तातडीच्या विभागात गेला. तिथल्या डॉक्टरांनी तो आपलासा केला हे फार बरे झाले, कारण सर्वांत भरलेली पोटे तिथेच येतात.

सेलिक यांच्या बोटांची मोठी परीक्षा मात्र उशिरा झाली. फ्रान्समधल्या शस्त्रक्रियागृहांत 3,472 रुग्णांपैकी निम्म्यांच्या गळ्यावर खरा दाब दिला, निम्म्यांवर नुसता हात ठेवला. कोण कोणत्या गटात ते नळी टाकणाऱ्याला कळू दिले नाही. पोटातले फुफ्फुसात गेले ते पहिल्या गटात 10 जणांच्या, दुसऱ्यात 9 जणांच्या. शिवाय खऱ्या दाबाने नळी टाकणे थोडे अवघडच झाले. काही ठिकाणी हा दाब सोडून दिला गेला, काही ठिकाणी अजून शिकवतात. दाबामुळे स्वरयंत्र दिसेनासे झाले तर हात सैल करा किंवा काढून घ्या, ही सूचना मात्र आता त्या शिकवण्यातच आली आहे.