माळवद आणि बारीक गोल लाकूड : परभणी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घरबांधणीच्या इतिहासात वाडे, गढ्या व मंदिरे यांचा विचार प्रामुख्याने होतो. सामान्य शेतकऱ्याचे छत पेलणारे बारीक गोल लाकूड मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात परभणी परिसरातील माळवदाच्या आधारे या लाकडाचे स्थान तपासले आहे.

माळवदाची रचना

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या जिल्ह्यात काळी जमीन विपुल, तर जंगल अल्प. ते मुख्यतः जिंतूरच्या डोंगराळ भागात आढळते. म्हणून मोठे सागवान खांब व तुळयांपुरते राखले जाई. त्यांवर बारीक कड्या, कड्यांवर किलच, पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा थर अशी रचना असे. दोन तुळयांमधील अंतरास ‘खण’ म्हणतात. घराचे मापही खणांतच सांगितले जाते. यामागे व्यवहारज्ञान होते. गोल लाकडाची वाकण सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्यास निम्मा झाल्यास ती एक अष्टमांश उरते. म्हणून कडी बारीक असेल तर खण आखूड ठेवणे क्रमप्राप्त होते.

विरळणीचे लाकूड

दाट रोपवनातील काही झाडे काढून उरलेल्यांना वाढीस वाव देणे म्हणजे विरळणी. तीतून मिळणाऱ्या बल्ल्या कड्यांसाठी सोयीच्या ठरतात. न चिरलेल्या बल्लीतील तंतू अखंड राहतात, हा तिचा गुण; कोवळ्या लाकडात रसकाष्ठ अधिक असल्याने वाळवी लवकर लागते, हा दोष. त्यावर उपाय म्हणून डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिकयुक्त परिरक्षक शोधले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे घरांसाठी ते आता टाळले जाते. कोरड्या, अंतर्गत भागासाठी बोरॉन संयुगांचा पर्याय आहे.

१९९३ चा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून माळवद धोकादायक मानले जाऊ लागले. तथापि, अनेक घरांत दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. ३० सें.मी. मातीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते. अर्थात मुख्य दोष भिंतींच्या कच्च्या बांधणीचा व छताच्या भाराचा होता, लाकडाचा नव्हे.

निष्कर्ष

माळवदासोबत लाकडी सांगाड्याचे ज्ञानही टाकून दिले गेले, ही या इतिहासातील खरी हानी होय. परिरक्षित बल्ल्या, त्यांचे पक्के सांधे आणि हलके छत यांचा मेळ घातल्यास विरळणीच्या लाकडास सरपणापलीकडचे मोल मिळेल. त्यासाठी उभ्या असलेल्या माळवदांची मोजमापे व जुन्या सुतारांचे अनुभव वेळीच नोंदविणे, हे स्थानिक महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.