एका सोप्या उदाहरणाचा साठ वर्षांचा इतिहास

शब्दकोशात शब्द कसा पाहावा हे सहसा कोणी कोणाला शिकवत नाही. ‘पाणी’ हा शब्द पाहायचा असेल तर आपण कोश अंदाजाने मध्यावर उघडतो, ‘म’ दिसला तर मागे आणि ‘क’ दिसला तर पुढे सरकतो, आणि उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करतो. संगणकशास्त्रात या रीतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. तिचे सामर्थ्य मोठे आहे. क्रमाने लावलेल्या एक हजार संख्यांतून हवी ती संख्या फार तर १० तुलनांत सापडते आणि दहा लाखांतून २० तुलनांत.

उतारवयात निव्वळ हौसेपोटी आम्ही प्रोग्रॅमिंगची प्राथमिक उदाहरणे सोडवू लागलो, तेव्हा हे उदाहरण एका संध्याकाळचे वाटले. दहा संख्यांची यादी घेऊन आज्ञावली लिहिली. तिसरी संख्या सापडली, सातवी सापडली. शेवटची विचारली, आणि यंत्र मुके झाले. दोनच संख्या उरल्या की पूर्णांकी भागाकारामुळे ‘मध्य’ पहिल्या संख्येवरच पडतो. आम्ही शोधाची खालची सीमा ‘मध्य अधिक एक’ येथे न नेता ‘मध्य’ येथेच ठेवली होती. त्यामुळे यंत्र त्याच दोन संख्यांपाशी घुटमळत राहिले. ही चूक उमगायला दोन दिवस लागले. ‘हे आपल्या बुद्धीचे काम नव्हे’ हा निष्कर्ष मात्र आम्ही पहिल्याच रात्री काढून मोकळे झालो होतो.

त्या निष्कर्षातून आम्हाला सोडवले ते या उदाहरणाच्या इतिहासाने.

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे, मूर स्कूलमध्ये, संगणकरचनेवर एक व्याख्यानमाला झाली. ‘एनिॲक’ या यंत्राचे एक जनक जॉन मॉकली यांनी तेथे या शोधपद्धतीचा उल्लेख केला. तिचा छापील इतिहास तेथून सुरू होतो. याच मालेच्या अखेरच्या दिवसांत केंब्रिजचे मॉरिस विल्क्स श्रोते म्हणून येऊन पोहोचले. परतल्यावर त्यांनी ‘एडसॅक’ हा संगणक उभारला. ६ मे १९४९ रोजी त्यावर पहिली आज्ञावली चालली, ती ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचा तक्ता छापण्याची. आज जे उदाहरण नवशिक्याला पहिल्या आठवड्यात देतात, ते तेव्हा एका विद्यापीठाच्या दीर्घ परिश्रमांचे फळ होते.

पुढे विल्क्स स्वतः एक गणिती आज्ञावली लिहू लागले. ती अवघ्या १२६ ओळींची होती. पण तिच्या एका प्रारंभिक कागदी फितीची पुढे तपासणी झाली, तेव्हा तीत सुमारे २० चुका आढळल्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार आहे, ही जाणीव त्या काळात एकदा जिन्यावर असताना आपल्याला लख्खपणे झाली, असे त्यांनी १९८५ च्या आत्मकथनात नमूद केले आहे. यंत्र बांधणाऱ्यालाही हे आधी ठाऊक नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

या जाणिवेतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग काढला, तो आजही राजमार्ग आहे. एकदा तपासून घेतलेले आज्ञांचे तुकडे जपून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांचे १९५१ चे पुस्तक अशा तुकड्यांच्या संग्रहाविषयीच आहे.

पण ‘तपासलेले’ म्हणजे काय? १९८० च्या दशकात जॉन बेंटली यांनी व्यवसायाने प्रोग्रॅमर असलेल्या शंभराहून अधिक जणांना बायनरी सर्च लिहावयास सांगितले. वेळ दिला सुमारे दोन तास. बहुतेकांना आपले उत्तर बरोबर वाटले. नंतर त्यांनीच ते तपासले, तेव्हा सुमारे ९० टक्के उत्तरांत चुका निघाल्या. डोनाल्ड नूथ यांच्या आधारे बेंटली असेही नोंदवतात की, ही पद्धत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली असली तरी तिची पहिली निर्दोष आज्ञावली छापून येण्यास १९६२ उजाडले.

बेंटली यांनी आपल्या पुस्तकात ही आज्ञावली तर्काच्या आधारे सिद्ध करून दिली. आणि तरीही २००६ मध्ये त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी जोशुआ ब्लॉक यांनी तीतील एक दोष जाहीर केला. ब्लॉक यांनी जावा भाषेच्या संग्रहासाठी लिहिलेल्या आज्ञावलीतही तोच दोष सुमारे नऊ वर्षे दडून होता. मध्य काढताना दोन सीमांची बेरीज करून तिला दोनाने भागत. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाही. बेरीज त्यापुढे गेली की ती ऋण होते. यादीत १०७ कोटींहून अधिक नोंदी असल्या तरच हा दोष प्रकटतो, आणि पुस्तक निघाले त्या काळात एवढ्या मोठ्या याद्या कोणी हाताळत नव्हते. उपाय एका ओळीचा. आधी दोन सीमांतील अंतर काढावे, त्याचे अर्धे करावे आणि ते खालच्या सीमेत मिळवावे.

येथे गणित चुकले नव्हते. कागदावरील संख्येला मर्यादा नसते, यंत्रातील संख्येला असते. ‘मध्य काढणे ते काय’ असे म्हणताना हा भेद कोणाच्या लक्षात आला नाही. आमच्याही चुकीचे मूळ तेथेच होते. प्रमाण लहान, कुळी तीच.

ही सारी हकीकत सांगण्याचे कारण आत्मसमर्थन नव्हे. आमची चूक ही चूकच होती. परंतु नवशिका माणूस चुकीपेक्षा चुकीच्या अर्थाने खचतो. चूक झाली म्हणजे पात्रता नाही, असा अर्थ लावून कितीजण ही उदाहरणे अर्ध्यावर सोडत असतील! इतिहास वेगळा अर्थ सांगतो. विल्क्स यांनी चुका गृहीत धरून कामाची रीत बदलली, बेंटली यांनी स्वतःला खात्री वाटल्यानंतरही तपासावयास लावले आणि ब्लॉक यांनी स्वतःची चूक चारचौघांत मांडली.

आता आम्ही कोणतेही उदाहरण सोडवले की पाच प्रश्न विचारतो. यादी रिकामी असेल तर? एकच संख्या असेल तर? हवी ती संख्या पहिली असेल तर? शेवटची असेल तर? आणि मुळात नसेलच तर? उत्तरे अजूनही कधी कधी चुकतात. पण पहिल्या रात्रीचा तो निष्कर्ष आम्ही पुन्हा काढलेला नाही.