पाटी बदलली, फेरी गेली : चंदगड तालुक्यातल्या एसटीचा १९५६ पासूनचा प्रवास

चंदगड : मुंबई-पुण्यात बस नंबरावरून ओळखतात. आपल्याकडे एसटीला नंबर नाही. तिची ओळख पाटीवर. वर कुठून कुठे ते, आणि खाली बारीक अक्षरात 'मार्गे'. ज्या गावाचं नाव त्या खालच्या ओळीत, त्या गावाला गाडी. ओळ बदलली की गाव गेलं. मोठ्या शहराचं नाव बदललं तर पेपरात येतं, पण 'मार्गे'मधून एखादं गाव गळलं तर कळतं ते थांब्यावर उभं राहिलेल्या माणसालाच.

चंदगड तालुक्यात हे अनेकदा घडलं आहे. कधी राज्याची हद्द सरकली म्हणून, कधी सीमेवर ताण झाला म्हणून, कधी पूर, कधी लॉकडाऊन, कधी संप. त्याची ही एकत्र माहिती.

आधी जिल्हाच वेगळा होता

१९५६ पर्यंत चंदगड हा मुंबई राज्यातल्या बेळगाव जिल्ह्याचा भाग होता. कचेरी, कोर्ट, बाजार, दवाखाना सगळं बेळगावला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला.

कागदावर जिल्ह्याचं ठिकाण बदललं, अंतर मात्र तेच राहिलं. चंदगडहून बेळगाव सुमारे ४० किलोमीटर आणि कोल्हापूर शंभराच्या वर. त्यामुळे सरकारी कामाला गडहिंग्लज-कोल्हापूर आणि बाकी सगळ्याला बेळगाव, अशी तालुक्याची दोन तोंडं झाली. हलकर्णी फाटा, पाटणे फाटा, शिनोळी आणि पलीकडे बाची, तुरमुरी, हिंडलगा हा रस्ता त्याआधी जिल्ह्यातला रस्ता होता. त्या दिवसापासून तो दोन राज्यांतला झाला. गाडी तीच असली तरी ती आता 'आंतरराज्य' ठरली.

एसटीची नावं कशी बदलली

मुंबई राज्यात सरकारी एसटी सुरू झाली १ जून १९४८ रोजी. पहिली गाडी पुणे ते अहमदनगर. तेव्हा नाव होतं बॉम्बे स्टेट रोड ट्रान्सपोर्ट, म्हणजे बीएसआरटीसी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तीच एमएसआरटीसी झाली, म्हणजे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ.

१९५६ ला बेळगाव-धारवाड भागातली बीएसआरटीसीची वाहतूक म्हैसूर सरकारकडे गेली. १९६१ मध्ये तिकडेही महामंडळ झालं. त्याचं नाव म्हैसूर स्टेट रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन. म्हणजे त्या काळात शिनोळीच्या अलीकडची गाडीही एमएसआरटीसी आणि पलीकडचीही एमएसआरटीसी. १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, तेव्हा ती केएसआरटीसी झाली. १९९७ ला तिचे भाग पडले आणि बेळगाव भाग हुबळीच्या वायव्य कर्नाटक महामंडळाकडे आला. आज बेळगाव स्टँडवर दिसणाऱ्या गाड्या त्या महामंडळाच्या.

म्हणजे १९५६ पासून बेळगावच्या बाजूला बसचा मालक चार वेळा नाव बदलून आला. प्रवासी मात्र तीच गावं, तोच रस्ता धरून आहेत.

बेळगाव की बेळगावी?

१ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकाने बेळगावचं अधिकृत नाव 'बेळगावी' केलं. कर्नाटकाच्या गाडीवर आणि ऑनलाइन तिकिटात तेच नाव येतं. आपल्या एसटीच्या पाटीवर 'बेळगाव' असतं. मोबाइलवर गाडी शोधताना एका नावाने सापडली नाही तर दुसरं टाकून बघावं.

नावांचा असाच घोळ आणखी काही ठिकाणी होतो.

• संभाजीनगर : कोल्हापूर शहरात एसटीचं संभाजीनगर बसस्थानक आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. लांबचं तिकीट काढताना कुठलं ते नीट बघा.
• अहमदनगर : आता अहिल्यानगर. उस्मानाबाद : आता धाराशिव. जुन्या नावाने शोधलं तर गाडीच नाही असं वाटतं.
• हलकर्णी : एक चंदगड तालुक्यातलं, दुसरं गडहिंग्लज तालुक्यातलं. पाटीवर तालुका नसतो, म्हणून 'मार्गे' वाचल्याशिवाय चढू नये.

गाड्यांच्या प्रकारांचीही नावं बदलत गेली. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून निमआराम गाडीला लोक 'एशियाड' म्हणू लागले. पुढे तिचं नाव 'हिरकणी' झालं. २०१७ ला 'शिवशाही' आली, २०२२ ला विजेवरची 'शिवाई'. जुनी माणसं अजून एशियाडच म्हणतात, आणि कंडक्टरला ते कळतंही.

फेरी बंद कशी पडते

फेरी बंद करतो असा बोर्ड सहसा कुणी लावत नाही. बहुतेक वेळा ती आधी 'तात्पुरती' थांबते. थांबण्याला कारण खरं असतं. अडचण पुढे येते. कारण संपतं आणि गाडी परत येत नाही. मध्ये गेलेल्या महिन्यांत लोक वडापला लागलेले असतात, काहींनी मोटारसायकल घेतलेली असते. मग गाडी सुरू झाली तरी रिकामी धावते. एसटीच्या भाषेत 'भारमान' कमी येतं आणि त्याच आकड्यावर ती कायमची जाते.

गेल्या काही वर्षांत तालुक्याने अशी चार-पाच मोठी थांबणी पाहिली.

• ऑगस्ट २०१९ : महापूर. ताम्रपर्णीचं पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरलं. खालच्या पुलांवरची वाहतूक थांबली.
• २३ मार्च २०२० : कोरोनामुळे एसटी बंद. २२ मेपासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, तर २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर गाड्या सुरू झाल्या. शाळा बंद असल्याने शाळेच्या वेळेच्या फेऱ्यांना प्रवासीच नव्हते.
• ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ : एसटी कर्मचाऱ्यांचा संप. विलीनीकरणाच्या मागणीसाठीचा हा संप एसटीच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला.
• ६ डिसेंबर २०२२ : बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या.
• फेब्रुवारी २०२५ : आधी बेळगाव तालुक्यात कर्नाटकाच्या कंडक्टरला मारहाण, मग चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं. परिवहन मंत्र्यांनी कर्नाटकाकडे जाणाऱ्या गाड्या थांबवण्याचा आदेश दिला. काही दिवस दोन्हीकडच्या गाड्या हद्दीअलीकडेच थांबत होत्या.

याच काळात एसटीच्या गाड्याही कमी झाल्या. कोरोनाआधी राज्यात १८ हजारांवर गाड्या होत्या. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, नव्या वेळेत आल्या नाहीत आणि ताफा १५ हजारांच्या आसपास आला. गाडी कमी असली की आगार आधी लांब पल्ल्याची फेरी वाचवतं, कारण उत्पन्न तिथे आहे. कात्री लागते ती वाडीवस्तीच्या फेरीला आणि मुक्कामी गाडीला. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात वस्तीला राहून पहाटे निघणारी. ती गेली की पहाटे बेळगावच्या दवाखान्यात नंबर लावायला जाणाऱ्या माणसाला पर्याय उरतो तो भाड्याच्या गाडीचा, आणि कॉलेजच्या पोराला फाट्यापर्यंत चालण्याचा.

सीमेवर तिकिटाचे दोन तुकडे

चंदगड आगार कोल्हापूर विभागात येतं. बेळगावला जाताना शिनोळीच्या पुढे राज्य बदलतं आणि सवलतीही बदलतात. हे माहीत नसल्याने गाडीत रोज वाद होतात.

• ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून, महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढचं तिकीट पूर्ण पडतं. त्यात कंडक्टरचा दोष नाही.
• कर्नाटकात ११ जून २०२३ पासून महिलांना मोफत प्रवासाची 'शक्ती' योजना आहे. ती कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी. महाराष्ट्राचं आधार कार्ड असलेल्या बाईला तिकीट काढावंच लागतं.
• २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं आहे. जुन्या हिशेबाने सुट्टे पैसे घेऊन जाऊ नका.

१ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. त्या दिवशी, आणि बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असताना, निघण्याआधी स्टँडवर चौकशी करावी. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सुटेपर्यंत हा रस्ता असाच अधूनमधून अडणार, हे धरून चालावं.

गोव्याकडची बाजू

तालुक्यातली बरीच माणसं कामाला गोव्यात आहेत. तिकडे जायला तिलारी घाट उतरून दोडामार्ग, किंवा आंबोली घाटाने सावंतवाडी. तिलारी घाट तीव्र उताराचा आणि आखूड वळणांचा. पावसात दरड आणि खचलेला रस्ता यामुळे तिथे मोठ्या गाड्यांवर बंधनं येतात. घाट बंद झाला की गाडी आंबोलीमार्गे फिरते. म्हणजे 'मार्गे' बदलतं आणि हेऱ्यापासून तिलारीनगरपर्यंतच्या गावांची नावं पाटीवरून जातात.

बंद फेरी परत कशी मागायची

'आमच्या गावाला गाडी द्या' असा अर्ज आणि 'आमची बंद पडलेली अमुक वाजताची फेरी सुरू करा' असा अर्ज, यात फरक आहे. पहिल्यात नवीन मागणी आहे. दुसऱ्यात जुनी नोंद आहे, आणि तिला उत्तर द्यावं लागतं.

१. फेरीची वेळ, पाटीवरचं पूर्ण नाव, 'मार्गे' आणि ती कुठल्या महिन्यापासून बंद आहे ते लिहा. जुनी तिकिटं, पास, वेळापत्रकाचा फोटो जपून ठेवा. तोच पुरावा.
२. ग्रामसभेचा ठराव जोडा. शाळा-कॉलेजचं पत्र आणि पासधारक मुलांची संख्या जोडा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत मोफत पास आहे, पण फेरीच नसेल तर पास खिशातच राहतो. हे अर्जात स्पष्ट लिहा.
३. अर्ज आगार व्यवस्थापक, चंदगड यांच्या नावे. प्रत विभाग नियंत्रक, कोल्हापूर यांना. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.
४. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून तीन गोष्टी मागा : फेरी कधी बंद केली, कुणाच्या आदेशाने, आणि बंद करण्याआधीचं भारमान किती होतं. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.
५. बेळगावकडची फेरी असेल तर आणखी एक विचारा. दोन राज्यांतल्या गाड्या मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ खालच्या करारावर चालतात. कुठल्या मार्गावर कुणाच्या किती फेऱ्या, हे त्यात ठरलेलं असतं. आपला मार्ग करारात असेल, तर गाडी बंद असली तरी हक्क शाबूत आहे.

आणि शेवटचं. फेरी परत आली तर पहिले दोन-तीन महिने तिच्यातूनच जा. वडाप पाच मिनिटं आधी येतो म्हणून त्यात बसलो, तर भारमानाचा आकडा आपणच खाली आणतो. एकदा त्या आकड्यावर गेलेली गाडी पुन्हा मागताना कुठलाच ठराव उपयोगी पडत नाही.